आधी थांबायची ताकद

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सरंग्याची, म्हणजे पापलेटची, पिल्लं मोजायला पट्टी घेऊन तू पालघरच्या बंदरावर गेलीस, लोक हसले आणि होडी चालवणाऱ्या एका तांडेलाने विचारलं, "ही सोडून दिली तर आजचं डिझेल कोण भरणार?" तुला उत्तर सुचलं नाही, म्हणून आता नाशिकला परतून स्पर्धा परीक्षा द्यायचं म्हणतेस. हवं तर ये. पण त्या तांडेलाला अडाणी म्हणू नकोस. सगळा विषय त्याने एका वाक्यात सांगितलाय.

तू निफाडची. कांद्याचा भाव पडला की ज्याच्याकडे कांदा साठवायची चाळ आहे तो थांबतो. नाही तो लासलगावला मिळेल त्या भावात ट्रॉली रिकामी करतो. मासळीला चाळ नाही. बोंबलात तर पाणीच जास्त, बर्फ नसेल तर बघता बघता मऊ पडतो. त्यातून व्यापाऱ्याची उचल घेतलेली असेल, तर मासळी त्यालाच घालायची आणि त्याच्याच भावाने. असा माणूस थांबणार कसा? आणि आपला प्रत्येक नियम तर थांबायलाच सांगतो. १ जून ते ३१ जुलै इंजिनाची होडी काढू नका. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली, म्हणजे सरंगा १३५ मिलिमीटरचा होईपर्यंत धरू नका. नियम योग्यच आहेत, पिल्लंच उचलली तर पुढे जाळ्यात काय येणार? पण आधी थांबायची ताकद, मग नियम. क्रम उलटा केलास तर नियम कागदावरच राहतो.

नोकरीत असताना मी हे दर बैठकीत बोलत आले. तिथे मात्र होड्यांना इंजिनं किती वाटली तेच मोजायचे. इंजिन आलं, डिझेलचा खर्च वाढला, त्यासाठी उचल वाढली, उचल फेडायला बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, जाळं आलं. मला हट्टी ठरवलं, बढती अडली. बढतीचं मला काही नाही. बर्फाच्या पेट्या आणि मासळी सुकवायच्या ओट्यांचा माझा प्रस्ताव तसाच पडून राहिला आणि तेवढ्या वर्षांत कितीतरी घरं कर्जात बुडाली, याची खंत आहे. आजही तोच प्रस्ताव पाठवेन, एक शब्द न बदलता.

सुरुवात कुठून करू म्हणतेस. पट्टी बाजूला ठेव आणि बायकांकडे जा. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या जोडी दोरीवर टाकतात. गप्पा चालू असतात, नजर भलतीकडे असते, तरी हात चुकत नाही. दोरीवरचा बोंबील स्वच्छ वाळतो. वाळूत पसरलेल्या जवळ्यात, त्या बारीक कोळंबीत, मात्र रेती येते आणि तिथेच भाव तुटतो. हाच सुका माल आपल्याकडे त्र्यंबक, पेठ, हरसूलच्या आठवडे बाजारात येतो. ओला बोंबील त्याच दिवशी विकावा लागतो, सुका नीट ठेवला तर महिनोन्‌महिने टिकतो. त्या बायकांना सिमेंटचा ओटा हवा, पावसाळ्यात माल ठेवायला कोरडी खोली हवी, आणि व्यापाऱ्याची उचल फेडता येईल असं बचत गटाचं कर्ज हवं. सातपाटीच्या जुन्या मच्छीमार सोसायट्यांत जाऊन बस. डिझेल, बर्फ आणि विक्री आपल्या हातात असली की काय बदलतं, ते तिथली माणसं तुला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

आणि तुझ्या आराखड्यातलं ते जनजागृती शिबिर आधी काढून टाक. पिल्लं मारली की मासळी घटते हे त्यांना तुझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे. माहिती कमी नाही गं, थांबायची ताकद कमी आहे. किती वेळा सांगू?

पुढच्या पत्रात मोजलेल्या माशांचा तक्ता नको. किती घरांवर कुणाची उचल आहे आणि सुक्या बोंबलाला किनाऱ्यावर किलोला काय मिळतं, ते लिही. हरसूलच्या बाजारातला दर मी विचारून ठेवते. मधला पैसा कुठे जातो ते दोघी मिळून शोधू. परीक्षेचा फॉर्म त्यानंतर भर.

तुझी,
मावशी