फीचा आकडा बघून मागं सरू नकोस

पोरी, इंजिनिअरिंगची फी ऐकून वडील गप्प झाले, असं लिहिलंस. परभणी-हिंगोलीकडची अशी घरं मी दरवर्षी बघतो. घाबरू नकोस. २०२४-२५ पासून घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे.

सुरुवातीला एवढंच कर:
- उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढ, निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते.
- प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घे. मॅनेजमेंट कोट्यात सवलत मिळत नाही.
- बँक खातं आधारला जोड. माझ्या पुतण्याचे पैसे तेवढ्यासाठी वर्षभर अडकले होते.

टीसीवर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘ज्ञानोबा’, असं वडिलांचं नाव असेल तर आधी दुरुस्त कर. फीमाफीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर दरवर्षी भरायचा, दुसऱ्या वर्षी पोरं हमखास विसरतात. मेस-वसतिगृहाचं प्रवेशानंतर बोलू.