सोनकी परसात रुजेल का?

प्रश्न : गणपतीच्या दिवसांत जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना माळावर पिवळ्या फुलांचे ताटवे दिसतात. आमच्याकडे त्यांना कुणी सोनकी म्हणते, कुणी रानकारळा. मागील वर्षी फुलांसह चार रोपे उपटून आणून परसात लावली. आठवड्यात ती माना टाकून बसली. काय चुकले असावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : सोनकी ही एका पावसाळ्याची सोबतीण आहे. फुलावर आलेल्या वर्षायू रोपाची सारी शक्ती बी धरण्याकडे लागलेली असते. अशा वेळी मुळे तुटली की नवी फुटत नाहीत. म्हणून रोप आणू नये, बी आणावे.

त्याआधी आपण पाहिलेली सोनकीच होती का, याची खात्री करून घ्यावी, कारण या भागात पिवळ्या फुलांची सरमिसळ फार होते. सोनकीची दातेरी पाने देठावर एकाआड एक येतात, तर कारळ्याची समोरासमोर. जे आपल्याला एक फूल वाटते तो खरे तर पुष्पकांचा, म्हणजे इवल्या फुलांचा, गुच्छ असतो. कडेची किरणपुष्पके पाकळ्यांसारखी दिसतात आणि मधल्या बिंबात असंख्य इवली फुले दाटलेली असतात. प्रत्येकाचे एक बी होते आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या केसांचा झुबका येतो. सोनकीच्या प्रजातीचे सेनेसिओ हे शास्त्रीय नाव ‘म्हातारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले, ते या पिकल्या केसांमुळेच! कारळ्याच्या काळ्या, चकचकीत बीला असा झुबका नसतो.

दिवाळीच्या सुमारास झुबके सुटू लागले की कोरड्या दिवशी, वारा पडलेला असताना बी गोळा करावे. ते आपल्या किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरचे घ्यावे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काहीही काढणे कायद्याने मना आहे. बोटांत दाबून पाहिल्यास पोकळ बी लगेच चेपते, ते टाकून द्यावे. उरलेले कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवावे आणि मृगाचा पाऊस लागला की पेरावे. बी मातीत पुरू नये. वरवर विस्कटून हलक्या हाताने दाबले की पुरे.

मातीच्या बाबतीत आपली माया आवरावी लागेल. सोनकी जांभ्याच्या सड्यावरील, म्हणजे उघड्या कातळपठारावरील, ओंजळभर मातीत वाढणारी वनस्पती आहे. शेणखत घातले तर पाला माजतो आणि फुले कमी येतात. दोन भाग तांबडी माती आणि एक भाग जाड वाळू किंवा जांभ्याचा चुरा एवढेच पुरेसे आहे. जागा भरपूर उन्हाची आणि पाणी न साचणारी हवी. कणकुंबीइतका पाऊस खानापुरात पडत नाही, तेव्हा उघडीप लांबल्यास पाणी द्यावे. शेळ्या-गुरे मात्र या वाफ्यापासून दूर ठेवावीत, कारण सेनेसिओ प्रजातीतील वनस्पतींमध्ये यकृताला अपाय करणारी अल्कलॉइडे असतात.

प्रश्न : बाजारात ‘पिवळी रानफुले’ म्हणून बियांचे पाकीट मिळाले. बी काळपट, सुईसारखे लांब आहे. आमच्या काळ्या जमिनीत ते सोनकीच्या ऐवजी चालेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : वर्णनावरून हे बी कॉसमॉसचे दिसते. त्याची पाने चिरलेली असतात आणि आठ ‘पाकळ्यां’च्या टोकांना दाते असतात. फूल देखणे आहे, पण झाड मूळचे मेक्सिकोकडचे. पुण्याच्या टेकड्यांवर ते मोकाट पसरले आहे. आपल्या माळांवर त्याला वाट करून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळ्या रंगाचीच हौस असेल तर कारळे पेरावे, ज्याला आपले कन्नड शेजारी गुरेळ्ळू म्हणतात. हेही मूळचे इथिओपियाकडचे, पण शेतकऱ्याच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले आहे. निचऱ्याच्या काळ्या जमिनीत ते येते. पाणी तुंबत असल्यास वरंब्यावर पेरावे. परपरागणावर, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागावर, चालणारे पीक असल्याने त्यावर मधमाश्या हव्यातच, म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नये. बोंडे वाळली की झाडे कापून झोडपावीत. पुढच्या वर्षासाठी मूठभर बी राखून उरलेल्याची चटणी करता येईल.