अवकाश दुर्बिणींची उपकरणं बनवायला परदेशी यायचं असेल तर

तू लिहिलंस की कोल्हापुरात फिजिक्सचं एम.एस्सी. संपत आलंय, अवकाश दुर्बिणींची उपकरणं स्वतःच्या हातांनी बनवायची आहेत, आणि अमेरिकेला जावं की युरोपात हे ठरत नाहीये. ताई म्हणालीस, म्हणून मीही 'तू'च म्हणते. पुणं सोडून मी नेदरलँड्समधल्या लायडनला आले त्याला 11 वर्षं झाली. क्ष-किरण दुर्बिणींच्या डिटेक्टरवर काम करते.

माझं मत स्पष्ट आहे: हार्डवेअरच करायचं असेल तर युरोप बघ. अमेरिकेत अवकाश उपकरणांना निर्यात-नियंत्रणाचे कायदे लागतात. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या माणसाला एखादं ड्रॉइंग दाखवणं हीसुद्धा निर्यात धरली जाऊ शकते. पीएचडी उत्तम मिळेल, पण यानावर चढणारं उपकरण ज्या खोलीत जुळवतात, तिचं दार तुझ्यासाठी बंद राहण्याची शक्यता मोठी.

युरोपातली व्यवस्था वेगळी आहे. यान आणि प्रक्षेपण ईसाचं, म्हणजे युरोपीय अवकाश संस्थेचं. वैज्ञानिक उपकरणं मात्र बहुतेक वेळा सदस्य देशांतल्या संस्था आपापल्या पैशांनी बनवतात. युक्लिड दुर्बिणीचा दृश्य प्रकाशाचा कॅमेरा ब्रिटनमधल्या मुलार्ड अवकाश विज्ञान प्रयोगशाळेच्या नेतृत्वाखाली झाला. जेम्स वेब दुर्बिणीवरच्या 'मिरी' या अवरक्त प्रकाशाच्या उपकरणाची फिरती चाकं हायडेलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेतून आली. लायडनला स्रॉन ही डच अवकाश संशोधन संस्था आहे. अर्ज अशा संस्थांकडे कर. खुद्द ईसाच्या नोकऱ्या प्रामुख्याने सदस्य देशांच्या नागरिकांसाठी असतात आणि भारत सदस्य नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संस्थेच्या नावापेक्षा प्रकल्प कुठल्या टप्प्यावर आहे ते विचार. युक्लिडची निवड 2011 मध्ये झाली आणि उड्डाण 1 जुलै 2023 ला. बारा वर्षं! तुझी पीएचडी चार वर्षांची. ती अगदी सुरुवातीला पडली तर नवा डिटेक्टर घडवशील, पेपर लिहिशील, पण उड्डाण बघायला तू तिथे नसशील. मधल्या जुळणी-चाचणीच्या काळात शिकायला अफाट मिळतं, पण दिवस चाचणीचे अहवाल लिहिण्यात जातात आणि थीसिस रखडतो. उड्डाणानंतर आलीस तर कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची मोजमापं जुळवणं, आणि डेटा, म्हणजे तुला नको तेच. पीएचडीसाठी सुरुवातीचा टप्पा घे, मधला पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधन-नोकरीसाठी ठेव. मुलाखतीत एक प्रश्न हमखास विचार: क्रायोस्टॅट, म्हणजे डिटेक्टर अतिथंड ठेवणारं पात्र, मी स्वतः उघडणार का?

का ते सांगते. आमचा डिटेक्टर म्हणजे अतिसंवाहक (खूप थंड केल्यावर विजेला रोधच न करणाऱ्या) धातूचा पातळ थर, 0.1 केल्विनच्याही खाली, म्हणजे जवळपास उणे 273 अंश सेल्सियसला, अतिसंवाहकता सुटायच्या अगदी काठावर धरून ठेवलेला. क्ष-किरणाचा एकच फोटॉन आदळतो, थर किंचित तापतो, रोध एकदम वाढतो, आणि त्या उडीवरून फोटॉनची ऊर्जा कळते. पहिल्या वर्षी माझ्या क्रायोस्टॅटचं तापमान 4 केल्विनच्या खाली उतरेचना. दोन दिवस पंप, झडपा, सॉफ्टवेअर सगळं तपासलं. शेवटी सगळं पुन्हा गरम करून उघडलं, तर केसाएवढी बारीक तार आतल्या थंड तबकडीला आणि बाहेरच्या गरम कवचाला एकाच वेळी टेकली होती. चिमट्याने ती दोन मिलिमीटर सरकवली. आठवडा गेला, पण उष्णता कुठून कशी झिरपते हे त्या दिवशी हाताला कळलं. तेव्हापासून झाकण लावण्याआधी प्रत्येक तारेचा फोटो काढते.

म्हणून निघण्याआधी वर्षभर तरी भारतात प्रयोगशाळेत काम कर. आदित्य-एल1 या भारतीय सूर्ययानावरची सूट ही सूर्याची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची. अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेवरची क्ष-किरण उपकरणं घडवण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) मोठा वाटा. अशा ठिकाणी प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून राहिलीस, सोल्डरिंग, व्हॅक्यूम, थोडं पायथन हातात आलं, की तुझ्या अर्जाला वजन येईल. एम.एस्सी.चे दोन-चार टक्के इकडे-तिकडे झाले तर त्याने फार अडत नाही.

पैशांची काळजी करू नकोस. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही पगारी नोकरी असते, फी नसते, राहण्याच्या परवान्याचा अर्ज संस्थाच करते. जर्मनीतही बहुतेक वेळा पगारी करार असतो. घर मात्र लायडनमध्ये खरंच मिळत नाही, नेमणुकीचं पत्र आलं त्याच दिवशी शोधायला लाग. आणि जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे ना, ते आजच बघ. आपल्याकडच्या पुष्कळ दाखल्यांवर नुसतं 'मुलगी' असतं. नाव घालून, इंग्रजी प्रत काढून, अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून घ्यायला महिने लागू शकतात, आणि इथल्या नगरपालिकेत नोंदणीला तो मागतात.

पुढे कायमच्या जागा थोड्या आहेत. दोन-तीन वर्षांचे करार, दर वेळी नवं शहर, याची आई-बाबांना आत्ताच कल्पना दे. माझ्या घरी ते बोलणं मी पाच वर्षं टाळलं आणि त्याचा त्रास सगळ्यांना झाला.

अर्जाचं पत्र एका पानाचं लिही. त्यात तू स्वतः बिघडवलेली आणि स्वतः दुरुस्त केलेली एक गोष्ट असू दे. मसुदा मला पाठव, मी वाचून देते.