म्युझियममधल्या बरण्या आणि मुलीचं करिअर

प्रश्न: माझी मुलगी रत्नागिरीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. सरांनी तिला विभागाच्या म्युझियमची आवराआवर करून यादी करायला सांगितली. समुद्रातले खेकडे, शंख, तारामासे, समुद्रकाकड्या अशा दीडशेएक बरण्या आहेत. दोन महिने ती त्यातच गुंतली आहे आणि आता म्हणते, मला हेच काम करायचंय. आमच्या मनात तिनं बीएड करावं असं आहे. बरण्या सांभाळायला पगार कोण देतं? आणि फॉर्मॅलिनचा त्रास होणार नाही ना?

उत्तर: नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देणं भाग आहे, कारण मुलगी रोज त्या खोलीत जाते. फॉर्मॅलिनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. डोळे चुरचुरेपर्यंत त्यात काम करणं हा कामसूपणा नव्हे. फॉर्मॅलिनची बरणी फ्यूमहूडखालीच, म्हणजे वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटातच उघडायची, हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांवर गॉगल. कॉलेजात फ्यूमहूड चालू नसेल तर त्या बरण्या तिनं उघडूच नयेत. बाहेरून पाहून नोंद करता येते. बरणीत फॉर्मॅलिन आहे की अल्कोहोल हे वास घेऊन ठरवायचं नाही. हूडखाली थोडा द्रव काढून त्यात अल्कोहोलमीटर, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण दाखवणारी तरंगती नळी, सोडली की कळतं: फॉर्मॅलिन पाण्याहून जड, त्यामुळे त्यात आकडा शून्याच्या वर चढतच नाही.

आता कामाबद्दल. हे पुसपास करण्याचं काम वाटतं, तसं ते नाही. १९९९ नंतर कुठल्याही नव्या प्राण्याला नाव द्यायचं तर त्याचा एक मूळ नमुना ठरवावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला हे छापावं लागतं, असा प्राण्यांच्या नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ यातलं ३९वं कलमही सांगतं की नव्या जातीचा नमुना अधिकृत संग्रहात जमा झाला पाहिजे. बॉम्बे राज्याच्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांवर बी. एफ. छापगर यांनी १९५७ मध्ये काम प्रसिद्ध केलं. आज एखाद्याला वाटलं की त्यातली एक जात म्हणजे खरं तर दोन जाती आहेत, तर तो वाद कागदावर मिटत नाही. जुना खेकडा हातात घेऊन पाहावा लागतो, आणि तो कुठे, कधी, किती खोलीवर मिळाला ही चिठ्ठी त्याच्यासोबत असावी लागते. चिठ्ठी हरवलेला खेकडा शोभेची वस्तू होतो, पुरावा राहत नाही. तुमच्या मुलीला करायचं आहे ते हे काम: प्राणी आणि त्याची माहिती यांची ताटातूट होऊ न देणं.

तिला ते जमेल का, हे मार्कशीटपेक्षा त्या दीडशे बरण्या जास्त खरं सांगतील. म्हणून पुढचे सहा महिने त्यांचं काय करायचं ते सविस्तर लिहिते. हा भाग मुलीला वाचायला द्या.

एका वेळी एकच बरणी उघडायची. चिठ्ठ्यांची अदलाबदल बहुतेक वेळा दोन झाकणं एकदम उघडी असताना होते, आणि ती नंतर कुणालाच सापडत नाही. उघडण्याआधी फोटो, मग बांधीव रजिस्टरमध्ये क्रमांक. एकदा दिलेला क्रमांक नमुना खराब झाला तरी दुसऱ्याला द्यायचा नाही. चुकीची नोंद खोडरबरानं पुसायची नाही, एक आडवी रेघ मारून वर बरोबर लिहायची. जुनी चिठ्ठी फाटकी असो, तिच्यावरचं नाव चुकलेलं असो, टाकून द्यायची नाही. नवी तिच्या शेजारी बरणीच्या आत ठेवायची. बाहेर चिकटवलेली लेबलं कोकणातल्या पावसाळ्यात गळून पडतात. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरते, लेझर प्रिंटरची अक्षरं काही वर्षांत सुटून तळाशी बसतात. जाड सुती कागद आणि पेन्सिल, किंवा न विरघळणारी रंगद्रव्याची शाई, एवढंच टिकतं. महिना रोमन आकड्यात लिहायची पद्धत तिनं आत्ताच लावून घ्यावी: ४.५.२०१९ म्हणजे चार मे की पाच एप्रिल, हा घोळ ४.V.२०१९ असं लिहिलं की उरत नाही. आणि ‘रत्नागिरी किनारा’ हे ठिकाण होत नाही. भाट्ये की मिऱ्या, खडक की वाळू, ओहोटीची रेषा की कमरेएवढं पाणी, अक्षांश-रेखांश, कुणी गोळा केलं आणि कुणी ओळखलं, हे सगळं हवं.

मग द्रव. अल्कोहोल पाण्यापेक्षा आधी उडतं, म्हणून बरणीतला द्रव कमी होतो तसा तो पातळही होतो. कमी झालेल्या बरणीत ७० टक्क्यांचं अल्कोहोल ओतून काठोकाठ भरणं ही सर्रास होणारी चूक. ७०० मिली उरलंय आणि ते ६० टक्क्यांवर आलंय, त्यात ३०० मिली ७० टक्क्यांचं घातलं तर बरणी भरते पण ६३ टक्क्यांवरच राहते. दरवर्षी असं करत गेलं की एक दिवस ती ५० च्या खाली जाते आणि आतला प्राणी लिबलिबीत व्हायला लागतो. म्हणून आधी मोजायचं. एक लिटरची बरणी ५५ वर आली असेल तर तिच्यातलं ३७५ मिली काढून तितकंच ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट घालायचं, ७० होतं. नाजूक प्राणी असेल तर हेच दोन टप्प्यांत, मध्ये एक दिवस सोडून, नाहीतर तो आक्रसतो. नवीन करायचं तर ९५ चं ७०० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरनं ९५० पर्यंत न्यायचं. नळाच्या पाण्यानं द्रव दुधाळ होतो, डिनेचर्ड स्पिरिटनंही होतो. स्पिरिटसाठी राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, तो कॉलेजच्या नावावर आहे का हे सरांना विचारावं. आणि ७० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण १७ अंशांनाच पेट घेऊ शकते. आपल्याकडे खोली त्याहून थंड कधी असते? म्हणजे त्या खोलीत बर्नर नाही, ठिणगी उडवणारा जुना स्विच नाही, साठ्याचा कॅन नाही. दिल्लीचं नैसर्गिक इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय २६ एप्रिल २०१६ ला जळालं. असे संग्रह पुन्हा विकत घेता येत नाहीत.

समुद्रकाकडीच्या बरण्यांपाशी तिनं जरा जास्त वेळ थांबावं. समुद्रकाकडीची जात बाहेरच्या रंगावरून क्वचितच ठरते, ती ठरते कातडीतल्या चुन्याच्या सूक्ष्म हाडकांवरून. दोन-तीन मिलिमीटर कातडी काचपट्टीवर घ्यायची, घरातल्या ब्लीचचा एक थेंब टाकायचा. काही मिनिटांत मांस विरघळतं आणि पांढरा गाळ उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात छिद्रांची बटणं, मनोरा असलेली छोटी टेबलं दिसतात. मात्र हा नमुना वर्षानुवर्षं साध्या फॉर्मॅलिनमध्ये असेल तर बहुधा काहीच दिसणार नाही. फॉर्मॅलिन हळूहळू आंबट होतं, त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते चुना खाऊन टाकतं. प्राणी शाबूत दिसतो, ओळख गेलेली असते. म्हणून काटेरी कातडीचे प्राणी आणि चुन्याचे स्पंज सरळ अल्कोहोलमध्ये ठेवतात. उलट जेलीफिश अल्कोहोलमध्ये चिंधीसारखा होतो, त्याला फॉर्मॅलिनच मानवतं. डीएनए हवा असेल तर पहिल्यापासून ९५ टक्के अल्कोहोल, ऊतीच्या दहापट, चोवीस तासांनी बदलून, आणि मग फ्रीजरमध्ये. प्रत्येक प्राण्याचा हा स्वभाव माहीत असणं हीच या कामातली विद्या आहे.

शंख-शिंपले लाकडी कपाटात असतील तर बोटानं फिरवून पाहावेत. पांढरी भुकटी लागली तर ती बुरशी समजून तेल लावू नये. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ दमट हवेत शंखाचा चुना खाते. याला बाइनचा रोग म्हणतात, पण रोग कसला, ती रासायनिक क्रिया आहे. डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन, पूर्ण वाळवून पत्र्याच्या रंगवलेल्या कपाटात हलवलं की ती थांबते. झिजलेलं परत येत नाही.

नवीन नमुने गोळा करायचा मोह होईल. समुद्रकाकड्या, दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात तर काहीच उचलायचं नाही. साध्या पॉलिकीट किड्यांवर (समुद्रातले वळ्यावळ्यांचे, केसाळ किडे) किंवा समुद्रफुलांवर (सी ॲनिमोन) शिकता येतं. सरांसोबत, मोजकेच. जिवंत प्राणी थेट फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर किडा तुटतो, समुद्रफूल गोळा होऊन बसतं. आधी गुंगी द्यायची: लिटरभर गोड्या पाण्यात ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड, त्यात तितकंच समुद्राचं पाणी. चिमट्यानं हलकेच टोचल्यावर हालचाल झाली नाही की मगच पुढचं. समुद्रफुलाला काही तास लागतात.

आता पगार. परदेशी संग्रहालयांत नमुन्यांचा सांभाळ पाहणारं कलेक्शन मॅनेजरचं पद संशोधकाच्या पदाहून वेगळं असतं. भारतात त्या नावाची जाहिरात शोधत बसलात तर निराश व्हाल. इथे हे काम शास्त्रज्ञ आणि तांत्रिक सहायक यांच्या पदांत मिसळलेलं असतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही १९१६ साली सुरू झालेली संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला आकुर्डीत आहे. दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, कोचीचंच सागरी सजीव संपदा केंद्र इथेही संदर्भसंग्रह आहेत. कायम जागा थोड्या आणि कधी निघतील याचा भरवसा नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. एमएस्सीनंतरची पाचसात वर्षं प्रकल्पांवर आणि फेलोशिपवर जातात. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं.

म्हणून नुसतं ‘संग्रह सांभाळायचाय’ म्हणून चालणार नाही, एका प्राणीगटावर तिचा हात बसला पाहिजे. पॉलिकीट किडे निवडावेत असं माझं मत आहे. दिसायला अनाकर्षक, पण बंदर, जेट्टी किंवा सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी समुद्रतळाची तपासणी होते तेव्हा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर उरलेल्या गाळात यांचीच गर्दी असते, आणि ते अचूक ओळखणारी माणसं कमी आहेत. सरकारी जागा निघाली नाही तरी पर्यावरण तपासणीच्या प्रयोगशाळांत हे कौशल्य उपयोगी पडतं.

एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठातलं सागरी विज्ञान, कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि अण्णामलाई विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं सागरी जीवशास्त्र केंद्र या तीन ठिकाणी तिनं अर्ज करावेत. प्रबंध वर्गीकरणाचाच घ्यावा. बीएड एमएस्सीनंतरही करता येतं, ते दार बंद होत नाही. आत्ता दोन वर्षं तिकडे घातली तर मात्र हाताची सवय मोडते.

अर्जासोबत जोडायला तिच्याकडे काय असेल? दीडशे नमुन्यांची संगणकावरची यादी. त्यात प्रत्येक नाव जागतिक सागरी प्रजाती नोंदवहीशी ताडून पाहिलेलं असावं, कारण जुन्या चिठ्ठ्यांवरची नावं बरीच बदललेली असतात. जिथे ओळख पटली नाही तिथे तिनं ओढूनताणून नाव लिहू नये, ‘फक्त वंशापर्यंत’, म्हणजे जातीच्या वरच्या पायरीपर्यंत, असं लिहावं. यादी तपासणारा माणूस आधी त्याच ओळी पाहतो.