आलेखाआधी रकाने वाच

कोल्हापूर

चि. सौभाग्यकांक्षिणीस, अनेक आशीर्वाद.

कोयना भागातल्या भूकंपांचा तुझा नकाशा बघितला. हात चांगला चालतो तुझा. पण ‘बहुतेक धक्के 10 किलोमीटर खोलीवर एकाच थरात होतात’ हे वाक्य तेवढं खोड. तो थर फाईलमधला आहे. जमिनीत तो सापडायचा नाही.

हिशेब करून बघ. कोयना आपल्यापासून सरळ रेषेत साधारण 90 किलोमीटर. धक्क्याची पहिली लाट आणि तिच्यामागून येणारी दुसरी, यांत कोल्हापुरात अकराएक सेकंदांचं अंतर पडतं. धक्का 5 किलोमीटर खोल असो की 10, त्या अंतरात सेकंदाचा दहावा भागही फरक पडत नाही. म्हणजे लांबच्या यंत्राला खोली कळतच नाही. मग भूकंपांची यादी करणारे 10 किंवा 33 किलोमीटर असा ठरावीक आकडा धरून पुढे जातात. लबाडी नाही ही, सोय आहे. पण तू तिला मोजमाप समजलीस.

दुसरं, तारीख. 1967 चा मोठा धक्का तुझ्या तक्त्यात 10 डिसेंबरला आहे. आजीला विचार, ती 11 तारखेची पहाट सांगेल. दोघंही खरं बोलतात. जागतिक याद्या ग्रीनिचच्या वेळेवर चालतात. रात्रीच्या 10:51 मध्ये साडेपाच तास मिळव, आपले पहाटेचे 4:21 होतात. शिवाजीसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाणीपातळीशी धक्के जोडून बघणार आहेस ना? धरणाच्या नोंदी आपल्या घड्याळावर असतात, तेव्हा हे आधी जुळव. आणि त्याच दिवशीची पातळी घेऊ नकोस. धरण पावसाळ्यात भरतं, पण पाण्याचा दाब खडकातल्या भेगांतून खाली पोचायला वेळ लागतो. आठवडे, महिने मागेपुढे सरकवून बघ.

‘अलीकडे भूकंप वाढले’ हेही इतक्यात नको. यंत्रं वाढली की बारीक धक्के जास्त सापडतात. मॅग्निट्यूड, म्हणजे धक्क्याच्या ताकदीचा आकडा, एकानं वाढलं की धक्क्यांची संख्या साधारण दहापटीनं घटते; लहान धक्क्यांकडे जिथे हा क्रम मोडतो, त्याखालचं सगळं सोडून दे.

आणि एखाद्या रविवारी पन्हाळ्यावर चल की. झुणका-भाकरीही होईल. तिथे वर तांबूस, भोकाभोकांचा जांभा, खाली काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पावसानं त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा जांभा झाला; आपल्या जिल्ह्यातलं बॉक्साइट त्यातलंच. भूवैज्ञानिक नकाशावर या दोहोंमध्ये एक बारीक रेघ असते. कड्यापाशी उभं राहून ती शोध. काळा दगड आधी पिवळट होतो, मग नखानं उकरेल इतका मऊ, मग त्यात लाल डाग. रेघ कुठे मारायची ते कुणीतरी उभं राहून ठरवलेलं असतं, आणि तू ती जशीच्या तशी संगणकात घेतेस.

तूर्त एवढंच कर: ठरावीक खोलीच्या नोंदी बाजूला काढ आणि उरलेल्यांचा नकाशा मला पाठव. किती उरतात तेही लिही. पाणीपातळीचं त्यानंतर बघू.

तुझा,
काका