डोक्यात रुतलेली सळई: 'परकीय वस्तू' की शल्य?

वाघोलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे: "बांधकामावरच्या मजुराच्या डोक्यात सळई घुसल्याची बातमी वाचली. 'डॉक्टरांनी परकीय वस्तू ओढून काढली' असं त्यात होतं. 'फॉरेन बॉडी'ला शल्य म्हटलं तर चालेल का?"

चालेल काय, मुळात तो शब्द त्यासाठीच आहे. शल्य म्हणजे बाणाचं टोक, आणि पुढे शरीरात शिरून पीडा देणारं काहीही: काटा, लोखंड, हाडाचा तुकडा. ते काढण्याची विद्या ती शल्यतंत्र. रास्ता पेठेतल्या टिळक आयुर्वेद महाविद्यालयात हा विषय याच नावाने शिकवतात. सुश्रुतसंहिता या शस्त्रक्रियेवरच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान नावाच्या पहिल्या भागात 26वा अध्याय दडलेलं शल्य ओळखण्यावर आहे, 27वा ते काढण्यावर. मनाला आणि शरीराला जे पीडा देतं ते शल्य, असं सुश्रुत म्हणतो. म्हणजे आज आपण मनातल्या बोचणीला शल्य म्हणतो तेही मूळ अर्थाला सोडून नाही. 'सल' हा त्याच शब्दाचा प्राकृतातून आलेला अवतार. 'परकीय' मात्र नको. परकीय सत्ता असते, परकीय चलन असतं; सळई आपल्याच बांधकामावरची.

मला जास्त खटकतं ते 'ओढून काढली'. डोक्यात रुतलेली वस्तू कुणी ओढत नाही, आणि अपघाताच्या जागी तर मुळीच ओढू नये. फाटलेल्या रक्तवाहिनीवर तीच दाब देऊन बसलेली असू शकते. उपसली की आत रक्तस्राव सुरू होतो. म्हणून ती हलू न देता, फार लांब असेल तर बाहेरचा भाग कापून, रुग्णाला दवाखान्यात नेतात. सीटी स्कॅन होतो, गरज पडल्यास रक्तवाहिन्यांचाही. लोखंड असेल तर एमआरआय टाळतात. मग वस्तूच्या भोवतीची कवटी उघडायची, मेंदूचं आवरण उघडायचं आणि डोळ्यांदेखत ती सोडवायची. जखम धुऊन आवरण पुन्हा शिवतात. संसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविकं देतात, धनुर्वाताचं इंजेक्शनही. खोल गेलेले बारीक तुकडे कधी कधी मुद्दाम तसेच ठेवतात, कारण ते शोधताना चांगला मेंदू दुखावतो.

सुश्रुताने 107 मर्मं, म्हणजे घाव जिवावर बेतू शकतो अशा शरीरातल्या नाजूक जागा, सांगितली, त्यांतली तीन 'विशल्यघ्न': शल्य आत असेपर्यंत माणूस जगतो, काढलं की दगावतो. ही तिन्ही डोक्यावरच आहेत, दोन उत्क्षेप कानशिलांच्या वर आणि स्थपनी भुवयांच्या मध्ये. हे वाचताना दर वेळी मी थबकतो.

एक फरक बातमीदारांनी जरूर पाळावा. वस्तू आत शिरून थांबली तर 'घुसली' किंवा 'रुतली'. दुसऱ्या बाजूने बाहेर आली तरच 'आरपार'. मथळा भारी व्हावा म्हणून सरसकट आरपार लिहिलं जातं, आणि नातेवाईक ते वाचून हादरतात.

लेखात, पाठ्यपुस्तकात शल्य खुशाल वापरा. बातमीत वस्तूचं नावच घ्या: 'डोक्यात रुतलेली सळई कवटी उघडून काढली.' संमतीपत्रातही तसंच लिहावं, कारण तिथे शल्य वाचून घरच्यांना मनातलं दुःखच आठवेल.