फॉर्म तुम्ही भरलात, शिकायचं तिला आहे

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला बी.ए.ला अरबीत 61 टक्के मिळाले. तिला एम.ए. करून जुनं अरबी साहित्यशास्त्र, म्हणजे बलाग़ा, आणि आजचं शैलीविज्ञान (भाषेत सांगण्याच्या तऱ्हांचा अभ्यास) यांच्या नात्यावर संशोधन करायचंय. तुमचं म्हणणं, ‘वीस वर्षं कुवेतला काढली, अरबी मलाही येतं, त्यात एवढं काय शिकायचं?’

61 टक्क्यांची मला चिंता नाही. पत्राच्या शेवटी सहज लिहिलेल्या एका वाक्याची आहे. तुम्ही तिच्या मोबाइलवरचा ओटीपी घेऊन, तिला न सांगता बी.एड. सीईटीचा फॉर्म भरलात. हे चुकलं. एकवीस वर्षांच्या मुलीला घरात कळतं ते असं, की आपलं मत कुणी विचारणारच नाही. मग ती भांडतही नाही, गप्प होते. ‘ती हल्ली बोलत नाही’ असं तुम्हीच लिहिलंय. तिच्याशी बोलताना आधी या फॉर्मबद्दल चूक कबूल करा.

आता तुमचा गैरसमज. तुमच्या मते बलाग़ा म्हणजे अलंकारांची घोकंपट्टी, आणि नव्या शास्त्राने ती मोडीत काढली. कुरआनातल्या सूरह मरियम या अध्यायातली पैगंबर जकरियांची दुआ तुम्ही ऐकली असेल. म्हातारपण सांगताना ते म्हणतात, ‘वश्तअलर्-रअसु शैबन’, डोकं पांढऱ्या केसांनी पेटून उठलं. अकराव्या शतकातला बलाग़ाचा पंडित अब्दुल काहिर अल-जुरजानी या शब्दांपाशी थांबतो. लोक रूपकाला दाद देतात, पण तो म्हणतो, वाक्याची मांडणी बघा. पेटले केस, पण कर्ता केलंय डोक्याला. ‘घरात आग पेटली’ म्हटलं तर एखादा कोपराही पेटलेला असू शकतो. ‘घर आगीने पेटलं’ म्हटलं की काही उरत नाही. शब्द तेच, रचना बदलली की अर्थ बदलतो. या रचनेला तो ‘नज़्म’ म्हणतो. फ्रेंच शैलीविज्ञानावरचा स्विस भाषातज्ज्ञ शार्ल बाल्लीचा ग्रंथ 1909 सालचा. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली की ऐकणाऱ्यावरचा परिणाम कसा बदलतो, हा त्याचाही प्रश्न. कुवेतच्या बाजारातली बोली येणं वेगळं आणि हे वाचता येणं वेगळं.

मुलीलाही एक सांगायचंय. ‘पाश्चात्त्यांनी आज सांगितलं ते जुरजानीने आधीच सांगून ठेवलं होतं’ एवढंच सिद्ध करायला निघाली असेल, तर तो प्रबंध लिहू नकोस. जुरजानीपुढचा प्रश्न कुरआनच्या अद्वितीयतेचा होता, बाल्लीपुढचा रोजच्या भाषेतल्या भावनेचा. साम्यासोबत हा फरकही धर, नाहीतर हाती नुसता अभिमान उरेल.

वाट नेहमीचीच: दिल्लीच्या जेएनयूसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा, किंवा मुंबई विद्यापीठात एम.ए.; मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा, त्यात अरबी हा विषय आहे. प्राध्यापकांच्या जागा थोड्या निघतात आणि वर्षं जातात, हे लपवत नाही. म्हणून एम.ए.सोबत अनुवादाचं काम तिने आत्तापासूनच हातात घ्यावं. कर्ता बदलला की अर्थ कुठे सरकतो हे ज्याला दिसतं, त्याचा करारनाम्याचा अनुवादही चोख होतो.

सीईटीला बसायचं की नाही, ते तिला ठरवू द्या. फॉर्मची फी गेली तर गेली. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, न वाचता पाठवा.